दोरावरचा हात

सन दोन हजार तेवीस. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळेच्या दाखल्यावर दोन वर्षं कमी लावलेली आहेत, पण दाखला लिहिणारा माझ्या जन्माला हजर नव्हता, आई होती. मी आईचं धरतो.

शाळा माझी तिसरीपर्यंत. चौथीत गेलो तो वर्ग कसा दिसतो एवढं बघायला. मग रापणीवर लागलो. रापण म्हणजे काय ते लांबच्या वाचणाऱ्यासाठी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. होडी जाळं घेऊन जाते आणि समुद्रात अर्धगोल मारून परत येते. जाळ्याच्या दोन टोकांचे दोन लांब दोर किनाऱ्यावर राहतात. दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि जाळं वाळूवर ओढून काढतात. बाकीची माणसं दोर कमरेला लावून मागे मागे चालत जातात, शेवटाला पोचली की सोडून परत पुढे येतात. पण पाण्यात गुडघाभर उभा असतो तो पहिला हात. तो जागा सोडत नाही. दोर समुद्रातून वर घ्यायचा, मागच्याच्या हाती द्यायचा आणि हाळी द्यायची, म्हणजे सगळ्यांचा जोर एकदम पडतो. अगदी शेपटीला एक जण वाळूत बसून आलेल्या दोराचं वेटोळं करतो. ते काम म्हाताऱ्यांचं आणि पाय मुरगळलेल्यांचं.

मालवणच्या बाजूला आमच्या वाडीच्या किनाऱ्यावर पहिला हात माझा होता. माझ्याआधी माझ्या वडलांचा होता.

आणि एक रीत आहे आमची. दोराला लागलेला हात दुसऱ्याने काढायचा नाही. माणूस आजारी असो, दारू पिऊन आलेला असो, दोर धरलान की तो रापणीचा. वडील म्हणायचे, "हात आपणच काढूचो असता." ह्या रीतीचा मला फार अभिमान. त्या वर्षी तीच रीत माझ्या घशात अडकली.

झालं असं, की नारळी पौर्णिमेनंतर पहिली रापण लागली त्याच दिवशी तांडेल माझ्याजवळ आला. तांडेल म्हणजे आमच्या रापणीचा पुढारी. माझ्या डोळ्यांसमोर नागडा वाळूत लोळलेला मुलगा, आता त्याचे केस पिकायला लागलेत.

"काकानू," तो म्हणाला, "यंदा तुमी वेटोळ्याकडे बसलास तर कसा?"

"कित्याक?"

"नाय, पाणी थंड आसा."

"पाणी माका नवीन नाय."

"तसा न्हय. गुडघे बिडघे..."

"तुझे दुकतत?"

तो हसला आणि होडीकडे गेला. त्याला त्याहून जास्त बोलता येत नव्हतं, रीत आडवी आली. पण त्या दिवसापासून माझ्या पायाला थारा राहिला नाही. दोर धरला की पाठीत डोळे रुतल्यासारखे वाटायचे. कुणी मागे हसलं की ते माझ्यावरच. घरी येऊन जेवायला बसलो तर ताट अर्धं ठेवून अंगणात फेऱ्या. म्हातारी, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडत ओट्यावर बसलेली.

"भोवऱ्यासारखे फिरतास कित्याक?" ती म्हणाली. "अंगण झिजात."

"माझा अंगण."

"सारवतंय मी."

अशा दिवसांत ती मुलगी आली. स्कूटरवरून, पाठीला बॅग, गळ्यात कॉलेजचा पट्टा. फिजिओथेरपीचं शिकते म्हणाली, आरोग्य केंद्रातून वाडीतल्या म्हाताऱ्यांची नावं घेतली म्हणाली.

"आजोबा, तुमचं वय साठच्या वर आहे ना?"

"साठाच्या वर चौदा वर्सां खर्चून बसलंय," मी म्हणालो. ऑफिसातल्या माणसाशी मी शाळेतल्या भाषेत बोलतो, पण ती पोर ओट्यावर मांडी घालून बसली आणि माझी भाषा घसरली ती घसरलीच.

तिने नीट समजावलं. म्हाताऱ्या माणसांची दिवसभरात हालचाल किती होते हे विचारण्यासाठी प्रश्नांची एक यादी आहे. ती मुळात बाहेरच्या देशात केलेली, तिचं मराठी झालंय. ती यादी आमच्याकडे चालते की नाही ते तपासायचं. त्यासाठी दोन गोष्टी. एक, तेच प्रश्न काही दिवसांनी परत विचारले तर तीच उत्तरं येतात का. दुसरी, तोंडाने सांगितलेलं आणि कमरेला बांधलेलं यंत्र, ह्यांचं जुळतं का.

यंत्र हा शब्द ऐकला आणि माझं बाकीचं ऐकणं बंद झालं. म्हणून पुढे गोंधळ झाला, तिने तर सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं.

प्रश्न सुरू झाले.

"गेल्या सात दिवसांत व्यायाम म्हणून फिरायला किती दिवस गेलात?"

"फिरूक पर्यटक येतत."

"म्हणजे एकही दिवस नाही?"

"मी चलतंय. फिरूचा काम नाय माझा."

तिने काहीतरी लिहिलं. "घराभोवतीचं काम? झाडांना पाणी वगैरे?"

"रोज. माडांक पाणी."

"पाणी मी घालतंय," म्हातारी आतून बोलली. "ह्ये नळी धरतत."

"नळी धरल्याशिवाय पाणी जाता काय?"

"धरतास ती पण माझ्या पायार."

पोरीने पेनचं टोक दातात धरलं. "बरं आजोबा, दिवसातून बसून किती वेळ जातो?"

"बसूचो येळच नाय."

म्हातारी तांदळाचं सूप घेऊन बाहेरच आली. "जाळ्याक टाके घालताना काय उभे रवतास?"

"ता काम! बसणा न्हय ता."

"बसून केलेलं काम बसण्यातच धरायचं, असं इथे आहे," पोर हळूच म्हणाली.

"मगे तसा लिही. माका इचारतंस कित्याक?"

मग तो प्रश्न आला. धाप लागेल, घाम येईल असं जड काम किती दिवस करता. मी पाठ ताठ केली.

"रोज. रापण. पयलो हात."

मला वाटलं म्हातारी काहीतरी बोलेल. सगळ्या उत्तरांवर बोलली होती. ह्याच्यावर बोलली नाही. सूप उचललं आणि आत गेली. मला ते बरं वाटलं. तेव्हा बरं वाटलं.

यंत्र काड्यापेटीएवढं, लाल, इलॅस्टिकच्या पट्ट्याला लावलेलं. झोपताना आणि आंघोळीला काढायचं, बाकी दिवसभर कमरेला, असे आठ दिवस. मी ते हातात फिरवून बघितलं. डोक्यात एकच गोष्ट. तांडेल काय बोलतो, मागचे काय हसतात, ह्याला आता साक्षीदार मिळाला. माणूस तोंडदेखलं बोलेल, यंत्र कुणाचं भावबंद नाही.

"बाय, ह्येचो कागद मेळात माका? कोणाक तरी दाखवूचो आसा."

"मी तुम्हाला लॅपटॉपवर दाखवीन, आजोबा. पण तो तब्येतीचा दाखला नाही हं. आम्ही प्रश्न तपासतोय, तुम्हाला नाही."

"व्हय व्हय," म्हटलं. मनात म्हटलं, तपास तर खरी.

दुसऱ्या दिवशी बनियनवरून पट्टा बांधून किनाऱ्यावर गेलो. माझ्या मागे दुसऱ्या हाताला जो उभा राहतो तो माझा जोडीदार, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान, सगळं आयुष्य माझ्या पाठीकडे बघत काढलेला. तो पट्ट्याकडे बघून दोर टाकून उभा राहिला.

"बॉम्ब बांदलंस काय रे?"

"यंत्र आसा. काम मोजता."

"कोणाचा?"

"माझा."

"मगे हलका काम गावला तेका," मेला म्हणाला, आणि आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या त्या बोलण्याचं वजन मला तेव्हा लागलं नाही.

तांडेल ऐकायला येईल एवढ्या मोठ्याने मी सांगितलं, की आठ दिवसांनी हे यंत्र बोलणार. तांडेल म्हणाला, "बोलांदे काकानू," आणि होडी लोटली.

ते आठ दिवस मी कधी नव्हे इतका चाललो. सकाळी रापण, मग उगाच बाजारात, मग देवळात, देवळाच्या पायऱ्या उतरून परत चढ. लोकांना वाटलं मी नवस फेडतोय. रात्री पट्टा काढून खुंटीला लावला की कमर मोकळी मोकळी वाटायची, झोप लागायची नाही. म्हातारी म्हणायची, "लगीन जाला तेवा माझ्या मंगळसूत्राकडे इतक्या बघूक नव्हतास."

पोर परत आली. यंत्र लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर एक रेघ उमटली, कुठे उंच कुठे सपाट. मी चष्मा पुसून पुढे सरकलो.

"हे बघा, हे उंच दिसतंय ते तुमचं चालणं. हा बाजार असेल. ह्या पायऱ्या चढताय. छान आहे आजोबा, तुमच्या वयाला खूपच छान."

"आणि रापण?"

"किती वाजता असते?"

मी सांगितलं. तिने बोट फिरवलं. त्या जागी रेघ ओहोटीच्या समुद्रासारखी निजलेली. एका दिवसाची नाही, सगळ्या दिवसांची.

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. कान तापले. "यंत्र बिघडला," म्हटलं.

"बिघडलेलं नाही. ह्याला कमरेची हालचाल कळते. माणूस एका जागी उभा राहून कितीही जोर लावो, कंबर हलली नाही तर ह्याला ते कळत नाही. ही ह्याची उणीव आहे, आम्हालाही माहीत आहे. तुम्ही दोर ओढताय की नुसता धरून उभे आहात, ह्याला दोन्ही सारखंच."

म्हातारी दारात उभी होती. "बाजारात जातास म्हणान जित्ते आसास, इतक्या तरी कळला तेका."

पण मी पोरीच्या बोलण्याला धरून बसलो. यंत्राला जोर कळत नाही. म्हणजे दोष यंत्राचा. मला जरा श्वास आला. तेवढ्यात तिने बॅगेतून कागद काढले आणि विचारलं, "आजोबा, गेल्या सात दिवसांत व्यायाम म्हणून फिरायला किती दिवस गेलात?"

"ह्या इचारलंस मागे."

"हो, तेच परत विचारायचं आहे. पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना मी."

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावदेवाला आम्ही कौल लावतो. काही अडलं, मुलीचं लग्न, विहिरीची जागा, की गुरव देवाच्या अंगाला कळ्या लावतो आणि आपण मनातलं विचारतो. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कळी पडली की विषय संपला. तीच गोष्ट परत विचारायची नाही. परत विचारलं म्हणजे पहिल्या बोलण्यावर भरवसा नाही असं झालं, देव रागावतो. मी देव नाही. पण माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, माझं यंत्र सपाट दाखवून झाल्यावर तोच प्रश्न परत म्हणजे काय? खोटारडा म्हण सरळ.

"देवाक पण दोनदा इचारणव नाय आमी," मी उठून उभा राहिलो. "माझ्या तोंडार इस्वास नाय तुमचो?"

"तुमच्यावर नाही हो आजोबा, प्रश्नावर. प्रश्न चांगला आहे का ते..."

"प्रश्न चांगलो वायट असता काय? माणूस असता! उद्या सकाळी दर्यार ये. डोळ्यांनी बघ. ता यंत्र पण आण. मगे इचार काय ता."

तिने कागद परत बॅगेत ठेवले. रागावली नाही. "येते," म्हणाली. "हे आमच्या नियमात धरता येणार नाही. पण मला स्वतःला बघायचंय, ओढताना रेघ कशी येते ते."

सकाळी ती आली. होडी जाळं सोडून वळत होती. त्या दिवशी पर्यटकही बरेच होते, सुट्टी असेल. रापण लागली की हे लोक धावत येतात, दोराला हात लावून दात काढतात, एकमेकांचे फोटो घेतात. रीत आहे म्हणून आम्ही बोलत नाही. पण मी त्यांना मनात फोटोवाले म्हणतो. दोर धरतात, ओढत नाहीत. जोडीदाराला मी नेहमी ऐकवायचो, ह्यांनी धरलेला दोर उलट जड होतो.

पोरीने पट्टा माझ्या कमरेला लावून दिला. मी पाण्यात शिरलो, पहिला हात धरला आणि हाळी दिली. "ओढा रे, हैशा!" मागून सगळ्यांनी उचलली. दोर यायला लागला. पाणी तोडून, थेंब गाळत, मांडीला घासत. छातीत ते जुनं बरं वाटणं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, पोर वाळूत उभी, तांडेल तिच्या बाजूला, दोघांचं लक्ष माझ्याकडे. मी हाळी आणखी चढवली.

पट्टा नवा बसवलेला, भिजला आणि ढिला झाला. घसरत घसरत मांडीवर आला. आता हा पाण्यात पडणार, ते यंत्र पोरीला भरून द्यावं लागणार की काय, म्हणून मी एका क्षणासाठी दोर सोडला आणि दोन्ही हातांनी पट्टा वर ओढला.

दोर थांबला नाही.

पहिला हात सुटला की दोर गचकतो. गचकलाच पाहिजे. मागच्यांना धक्का बसतो, कुणीतरी शिवी देतं. वडलांचा हात एकदा सुटला होता तेव्हा मी मागे आडवा पडलो होतो. इथे काही झालं नाही. दोर माझ्या पोटासमोरून सरळ चालला होता, तेवढ्याच वेगाने, तेवढाच ताठ. कुणी वर बघितलं नाही. आणि जोडीदार, मान खाली, एक पाऊल पुढे सरकून माझ्या जागेतून दोर उचलत होता. त्याने बघितलंही नव्हतं. पायाला सवय झालेली असते तसं ते पाऊल पडलं.

मी धडपडत, पाणी उडवत दोर परत पकडायला गेलो. पकडला. आणि आता हाताला कळलं. दोर माझ्या हातातून जात होता. मी त्याला आणत नव्हतो. माझ्या मागे एक पुण्याची की मुंबईची बाई दोराला हात लावून फोटो काढून घेत होती, आणि तिच्यात नि माझ्यात फरक एवढाच, की मी हसत नव्हतो.

जाळं आलं. बांगडे होते, पेडवे होते, बायका टोपल्या घेऊन धावल्या. सगळ्यांचं बोलणं माशांवर. मी जोडीदाराला होडीच्या आडोशाला गाठला.

"कधीधरसून?"

"काय कधीधरसून?"

"माका येडो समजा नको."

त्याने कानातली अर्धी विडी काढली, शिलगावली, समुद्राकडे बघितलं. "गेल्या शिमग्याधरसून."

"अख्खो हंगाम?"

"हंगाम खंयचो, मधी पावस होतो मां," तो म्हणाला. हसवायला बघत होता.

"तांडेलाक म्हाईत?"

"किनाऱ्यार कोणाक म्हाईत नाय ता सांग. त्या कुत्र्याक पण म्हाईत आसा."

"आणि तू बोलूक नाय माका."

आता तो चिडला. "दोरावरचो हात दुसऱ्यान काढूचो नसता! तुझ्याच बापाशीन शिकवल्यान माका, तुझ्याच म्होरे. मी कसो बोलू?" मग जरा खाली येऊन म्हणाला, "तुझा काय जाता रे? दोर येता. तू हाळी दी. हाळी तुझ्यासारखी कोण देता?"

"हाळी भोंग्यातसून पण दिवक येता."

"भोंगो शिवी देणा नाय," तो म्हणाला आणि टोपली उचलायला गेला.

मी वाटा घ्यायला थांबलो नाही. सरळ घरी आलो नाही, किनाऱ्याने टोकाच्या खडपापर्यंत, कातळापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. डोक्यात एकेक गोष्ट उलटी फिरत होती. 'हलका काम गावला तेका'. 'बोलांदे काकानू'. आणि म्हातारी त्या एका उत्तरावर गप्प बसली ते. तिला जोडीदाराच्या बायकोने सांगितलं असणार. ती मला नळीवरून टोचत होती आणि दोरावरून नाही. जिथे खरं दुखणार तिथे तिने हात लावला नव्हता. सगळ्यांनी मला सांभाळलं होतं, लहान पोराला होडीत बसवून वल्हं हातात देतात तसं. ह्याचा राग येतो. उपकार वाटत नाहीत, राग येतो.

घरी आलो तर पोर ओट्यावर बसून घावणे खात होती. म्हातारी बाजूला. मला बघून दोघींचं बोलणं थांबलं.

"आजोबा, बघा," तिने लॅपटॉप फिरवला. ती खूश होती. "मी म्हटलं होतं तसंच, ओढताना रेघ सपाटच आली. पण इथे, मध्येच, एकदम एक टोक आहे. सगळ्यात उंच. इथे तुम्ही भरपूर जोर लावलात का?"

मी त्या टोकाकडे बघितलं. दोर हातातून सुटला होता आणि मी पाण्यात धडपडलो होतो, ते टोक होतं ते.

"प्रश्न इचार," मी म्हणालो.

"परत विचारू? तुम्ही रागावणार नाही?"

"इचार."

तिने पहिल्यापासून विचारलं. फिरायला, नाही. माडांना पाणी, म्हटलं ती घालते, मी नळी धरतो. म्हातारीने माझ्याकडे वळून बघितलं. बसून किती वेळ, म्हटलं पुष्कळ, जाळं विणतो ते धर त्यात. पोर लिहीत होती. मग ती थांबली आणि वाचलं, "धाप लागेल असं जड काम किती दिवस?"

अंगणात कोंबडी वाळू उकरत होती. म्हातारी रिकामी बशी घासल्यासारखी पदराने पुसत बसली.

"एकय दिस नाय," मी म्हणालो.

"आजोबा, मागच्या वेळी तुम्ही रोज म्हणाला होतात."

"मागल्या खेपेक तसा होता."

"मधल्या दिवसांत काही बदललं का? आजारी पडलात, लागलं बिगलं? तसं असेल तर मला लिहावं लागतं."

"नाय. काय बदलाक नाय."

ती पेन धरून बसली. चांगली पोर होती, तिला उत्तर शिकवायचं नव्हतं हे मला दिसत होतं. "मग ह्यातलं खरं कुठलं?"

"दोनी माझ्याच तोंडातली. तू सांग."

"मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. "दोन्ही तशीच लिहायची असतात." आणि तिने लिहिलं.

ती गेल्यावर म्हातारीने माझ्यासमोर चहा ठेवला. मग उठता उठता म्हणाली, "नळी धरतास ती सोडू नकास हां. पाण्याचो जोर आसता तेका." मी तिच्यावर खेकसलो, पण चहा प्यालो.

रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. दोनदा मनात आलं, उद्यापासून जायचंच नाही. घरात बसावं. लगेच कळलं की घरात बसलो तर अंगण खरंच झिजेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी किनाऱ्यावर होतो. होडी गेली, वळली, दोर हातात आले. माणसं दोराला लागली. पुढे पाण्यात माझी जागा रिकामी ठेवलेली, जोडीदार तिच्यामागे उभा, माझ्याकडे न बघता. मी दोराच्या बाजूबाजूने चालत गेलो, पण उलटीकडे. सगळ्यांच्या पाठी ओलांडून शेपटीपर्यंत. तिथे पाय मुरगळलेला एक जण वेटोळ्याजवळ बसला होता, त्याला म्हटलं सरक. तांडेल धावत आला.

"काकानू?"

"आजधरसून मी हंय. आणि तू माका बसयलंस असा खंय सांगत फिरा नको. मी बसलंय."

"व्हय काकानू," तो म्हणाला. हसला नाही. हसला असता तर मी परत पुढे गेलो असतो.

वाळूत बसलो आणि किनाऱ्यावर उरलेल्या दोराचं आदल्या दिवसाचं वेटोळं बघितलं. पीळ उलटे, वेढे एकावर एक चढलेले. उद्या होडीतून सोडताना ह्याच्यात कुणाचा तरी पाय अडकला असता. "ह्या कोणी केल्यान? मेल्यानू, गुताडा आसा ह्यो!" म्हणून मी ते सगळं पायाने उलटून टाकलं आणि दोराचं शेवटचं टोक शोधून पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर पुढे सगळे थांबलेले. पर्यटक माना वळवून बघायला लागले.

"रे मेल्या!" जोडीदार पाण्यातून ओरडला. तो आता माझ्या जागेत उभा होता. "जीभ पण घराक ठेवन इलंस? हाळी खंय?"

दोन्ही हात दोरात गुंतलेले होते. तिथूनच, बसल्या बसल्या, होता तेवढा गळा काढून हाळी दिली. दोर ताठ झाला, सरकला, आणि ओला होऊन माझ्या मांडीवर यायला लागला. मी पहिला वेढा घातला.